अदिस अबाबात शाकाहारी जेवण : 'बेयायनेतू'पर्यंत कसं पोहोचायचं

इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबाला, नोकरीसाठी निघालेली माणसं, किंवा मुंबईहून पुढे कुठेतरी जाताना तिथे एक-दोन दिवस थांबणारी, मला एकच प्रश्न विचारतात : "शाकाहारी माणसानं तिथे खायचं काय?" मी तिथे तीन वर्षं राहिले. सोबत नेलेलं मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी दुसऱ्या महिन्यात संपली. त्यानंतर जे जेवले ते तिथलंच, आणि मनापासून आवडीनं जेवले. पहिले दोन महिने मात्र उगाच उपाशी काढले, कारण काय मागायचं, कधी मागायचं आणि कसं मागायचं हे सांगणारं कुणी नव्हतं. तुमचे ते दोन महिने वाचावेत म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे.

१. 'व्हेज' हा शब्द सोडा, 'त्सोम' हा शब्द धरा

तिथल्या साध्या खानावळीत "व्हेजिटेरियन" म्हटलं तर वाढणारा मुलगा गोंधळतो. मांस कायमचं सोडलेला माणूस त्याच्या ओळखीत नसतो. पण उपास करणारा माणूस त्याच्या घरातच असतो. इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांच्या उपासाला अम्हारिक भाषेत 'त्सोम' म्हणतात. त्या दिवशी मांस, अंडी, दूध, लोणी, तूप सगळं बंद असतं. म्हणजे उपासाचं जेवण आपोआप शाकाहारी होतं, आपल्याहूनही कडक, कारण त्यात दूधही नाही. तेव्हा 'ये-त्सोम', म्हणजे 'उपासाचं', एवढा एक शब्द आला की तुमचं निम्मं काम झालं.

आपल्या उपासाची कल्पना मात्र विमानात बसण्याआधीच बाजूला ठेवा. साबुदाणा, वरी, रताळं असं तिथे काही नाही. तिथल्या उपासाला डाळी चालतात, कांदा-लसूण तर भरपूर लागतो. तुमची एकादशी असेल तर त्या ताटाचा काहीच उपयोग नाही. कांदा-लसूण न खाणाऱ्यांची खरीच अडचण होते, कारण जवळपास प्रत्येक कालवणाचा पाया कांदा असतो. त्यांनी 'कोलो' आणि 'निफ्रो' ही दोन नावं लक्षात ठेवावीत. कोलो म्हणजे भाजलेले जव आणि हरभरे, आपल्या फुटाण्यांसारखे मूठमूठ खायचे. निफ्रो म्हणजे उकडलेला गहू, हरभरा वगैरे. आपल्या घुगऱ्याच त्या.

२. वार आणि पंचांग बघा

बुधवार आणि शुक्रवार हे आठवड्याचे उपासाचे वार. या दोन दिवशी दुपारी अगदी कोपऱ्यावरच्या खानावळीतही उपासाचं ताट मिळतं. त्याखेरीज मोठे उपास येतात. ईस्टरच्या, म्हणजे फासिकाच्या आधी ५५ दिवसांचा 'हुदादे'. ख्रिसमसच्या आधी ४३ दिवसांचा, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होणारा. (तिथला ख्रिसमस, 'गेन्ना', ७ जानेवारीला असतो.) आणि ऑगस्टमध्ये ७ ते २१ तारखेपर्यंत 'फिलसेता'. हुदादेच्या काळात पोहोचलात तर नशीबवान समजा. हॉटेलं उपासाच्या पदार्थांचं खास बुफे मांडतात आणि मसूर-वाटाण्यावर जितके हात फिरवता येतील तितके फिरवतात.

इथे तीन गोष्टी आधी माहीत असाव्यात.

फासिकानंतरचे ५० दिवस बुधवार-शुक्रवारचा उपासही नसतो. मी नेमकी याच दिवसांत उतरले होते. वार बघून जेवायला गेले आणि तीन खानावळींतून "आज त्सोम नाही" हे ऐकून परत आले. या काळात मोठी हॉटेलं किंवा बारमाही उपासाचं ताट ठेवणाऱ्या जागा शोधाव्या लागतात. बोले, काझानचिस या भागांत त्या सापडतात.

कडक उपास करणारे दुपारपर्यंत काहीच खात नाहीत, हुदादेमध्ये तर अनेक जण तीन वाजेपर्यंत. त्यामुळे सकाळी आठला उपासाचं ताट मागू नका. बारानंतर जा.

आणि घड्याळ. तिथे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. कुणी "सहा वाजता जेवायला या" म्हटलं तर ते भर दुपारचे बारा असतात. प्रत्येक वेळी विचारून घ्या की हे हबेशा (म्हणजे इथिओपियन) घड्याळ की फिरंगी. पूर्वेकडे हरार, दिरे दावाकडे गेलात तर तिथे मुस्लीम वस्ती मोठी आहे, तिकडे बुधवार-शुक्रवारच्या हिशेबावर फार विसंबू नका.

३. खिशात एक चिठ्ठी ठेवा

देवनागरीत लिहिलेली ही वाक्यं मी पाकिटात ठेवत असे. उच्चार थोडा चुकला तरी काम होतं.

- ये-त्सोम मिगिब अल्ले? (उपासाचं जेवण आहे का?)
- सिगा अल्बेलाम. (मी मांस खात नाही.)
- असा : मासा. इनकुलाल : अंडं. दोरो : कोंबडी. वेतेत : दूध.
- याले किबे : लोण्या-तुपाशिवाय. बे-झेयित : तेलातलं.
- तेगेब्कू. (पोट भरलं.)
- अमेसेगिनाल्लेहू. (धन्यवाद.)

शेवटून दुसरं वाक्य नीट पाठ करा. ते का, ते सहाव्या पायरीत कळेल.

४. ताटात काय काय आलंय ते ओळखा

मागायचं ते 'ये-त्सोम बेयायनेतू'. बेयायनेतू म्हणजे प्रकाराप्रकारानं, थोडं थोडं सगळं. एका मोठ्या गोल ताटावर इंजेरा पसरतात आणि त्यावरच पळीपळीनं आठ-दहा पदार्थ वाढतात. वाट्या नाहीत, चमचे नाहीत. इंजेरा हेच पान, हाच चमचा, आणि शेवटी हाच घास.

इंजेरा 'टेफ' नावाच्या धान्याचा. दाणा इतका बारीक की राजगिराही त्यापुढे ठसठशीत वाटावा. पीठ दोन-तीन दिवस आंबवून, मोठ्या तव्यावर एकाच बाजूनं भाजतात. वरच्या बाजूला जी भोकं पडतात त्यांना ते 'डोळे' म्हणतात. आपण आंबोळीला जाळी पडली म्हणतो, तेच. चव चांगलीच आंबट असते. पहिल्या घासाला नाक मुरडू नका, आणि पहिल्या घासावर मतही बनवू नका. तो आंबटपणा तिखट मसुरीसोबत खायचा असतो, नुसता नाही.

आता रंगांवरून ओळख. लाल ते 'मिसिर वोत' : मसुराची डाळ, भरपूर कांदा आणि 'बेरबेरे' मसाला. पिवळं ते 'किक अलिचा' : वाटाण्याची डाळ, हळद, आलं, बिनतिखट. मुलांना हेच द्या. हिरवी पालेभाजी 'गोमेन', मोहरीच्या कुळातली, लसूण घालून मऊ शिजवलेली. कोबी-बटाटा-गाजर म्हणजे 'तिकिल गोमेन', फरसबी-गाजर म्हणजे 'फोसोलिया', बीट म्हणजे 'के सिर'. तपकिरी, गार आणि नाकात चढणारं असेल तर 'अझिफा' : अख्खा मसूर, मोहरी, लिंबू.

आणि मध्यभागी, बहुतेक वेळा, 'शिरो'. नाव ऐकून गोडाची अपेक्षा करू नका. भाजलेल्या हरभऱ्याच्या किंवा वाटाण्याच्या मसालेदार पिठाचं हे कालवण म्हणजे पिठल्याचा सख्खा भाऊ. मातीच्या छोट्या भांड्यात रटरटत येतं त्या घट्ट प्रकाराला 'तेगाबिनो' म्हणतात. ज्या दिवशी घरची फार आठवण यायची त्या दिवशी मी तेच मागवायचे.

आपल्याशी असलेलं नातं इथे संपत नाही. उपासाच्या स्वयंपाकाचं जुनं तेल 'नूग'चं, आणि नूग म्हणजे आपले कारळे. ज्याची चटणी आपण भाकरीला लावतो ते कारळे मुळात इथिओपियाच्या डोंगराळ भागातले. 'सुफ' म्हणजे करडई. तिचे दाणे वाटून, गाळून काढलेल्या दुधात इंजेऱ्याचे तुकडे भिजवले की 'सुफ फितफित' होतं, उपासाच्या दिवसांतलं थंडगार खाणं. 'तेल्बा' म्हणजे जवस. सोलापूरकडच्या किंवा विदर्भातल्या माणसाला मेर्कातोच्या बाजारात या पोत्यांसमोर उभं केलं तर तो न विचारता नावं सांगेल.

५. फसगत होते ती इथे

'माहिबेरावी' मागवू नका. तेही एकत्र वाढलेलं मोठं ताटच, पण त्यात मांस असतं. मी एका हॉटेलात "सगळं मिसळून आणा" असं हातवारे करून सांगितलं आणि नेमकं हेच ताट समोर आलं. इंजेरा मांसाचा रस्सा शोषून घेतो, त्यामुळे तुकडे बाजूला काढून भागत नाही. पूर्ण ताट परत करावं लागलं आणि वाढणारी मुलगी रडवेली झाली. चूक माझ्या सांगण्याची होती, तिची नव्हती. त्या रात्री मी वरची चिठ्ठी लिहिली.

नुसतं 'केय वोत' (लाल, तिखट कालवण) किंवा नुसतं 'अलिचा' (बिनतिखट) असं म्हटलं तर मांसाचंच येऊ शकतं. 'मिसिर' किंवा 'किक' हा शब्द जोडाच.

शिरो उपासाचा असतो, पण 'बोझेना शिरो' मांस घातलेला. 'फिरफिर', म्हणजे कालवणात परतलेले इंजेऱ्याचे तुकडे, हाही तसाच, तो 'ये-त्सोम' सांगून मागवा, कारण 'क्वांता फिरफिर'मध्ये वाळवलेलं गोमांस असतं. सामोशासारखा 'सांबुसा' मसुराचाही असतो आणि खिम्याचाही. रस्त्यावर घेताना "मिसिर?" असं विचारल्याशिवाय तोंडात घालू नका.

मासा उपासाला चालतो असं मानणारे बरेच आहेत. त्यामुळे उपासाच्या यादीत 'असा' दिसू शकतो. 'असा' म्हणजे मासा, एवढं यमक लक्षात ठेवा.

लोणी-तुपाचं काय? उपासाच्या दिवसाखेरीज शिरोमध्ये 'नितेर किबे' घालतात, म्हणजे मसाले घालून कढवलेलं तूप. आपल्यापैकी बहुतेकांना त्याचं वावडं नाही, आणि ते अतिशय चविष्ट असतं. दूध-तूप वर्ज्य असलेल्यांनी मात्र 'बे-झेयित' म्हणावं. 'आयिब' दिसलं तर जरूर घ्या. ताक तापवून, नासवून केलेला तो ताजा चुरा असतो आणि तिखटावर उतारा म्हणून त्याला तोड नाही.

गव्हाचा त्रास असणाऱ्यांसाठी : टेफमध्ये ग्लूटेन नसतं, पण विकतच्या इंजेऱ्यात गहू किंवा जव मिसळलेले असू शकतात. परदेशातल्या इथिओपियन हॉटेलांत तर हमखास विचारा.

आणखी एक इशारा, लांब मुक्काम असणाऱ्यांसाठी. शिरोच्या पिठात कधी कधी 'ग्वाया' मिसळतात. ग्वाया म्हणजे आपली लाखोळी डाळ. विदर्भातल्या वाचकांना तिचा इतिहास ठाऊक असेल : महिनोन्महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडतात. ताटातल्या एका पळीनं काही होत नाही. पण घरासाठी किलोवारी पीठ घ्यायचं तर 'शिंब्रा', म्हणजे हरभऱ्याचं, असं सांगून घ्या.

६. एका ताटात जेवायचं कसं

मराठी माणूस अडतो तो इथे, मीही अडले. चार जण, एक ताट, आणि आपल्या मनात लहानपणापासूनचं 'उष्टं'. मी पहिल्यांदा वेगळी ताटली मागितली तेव्हा घरमालकीणबाईंचा चेहरा उतरला होता. आम्ही सगळे त्यांना 'एमामा' म्हणायचो, मोठ्या बाईला मानानं हाक मारायची तिथली रीत. तिथे एका ताटात जेवणं म्हणजे माणूस आपला मानणं. वेगळं ताट मागणं म्हणजे अंतर ठेवणं.

नंतर नीट पाहिल्यावर कळलं की त्यांचे नियम आपल्या उष्ट्या-खरकट्याच्या नियमांहून सैल नाहीत. जेवणाआधी हात धुवायचे, बहुतेक घरी कुणीतरी तांब्यानं पाणी घालतं. फक्त उजवा हात. आपल्या समोरच्या भागातलंच खायचं, पलीकडे हात घालायचा नाही. कडेला ठेवलेल्या इंजेऱ्याच्या गुंडाळीतून तुकडा तोडायचा, त्यानं कालवण चिमटीत धरायचं, आणि घास तोंडात टाकायचा. बोटं तोंडाला लागता कामा नयेत, बोटं चाटायची तर मुळीच नाहीत. हे पाळलं की उष्ट्याचा प्रश्न राहत नाही.

मग येतो 'गुरशा'. समोरचा माणूस स्वतःच्या हातानं घास करून तुमच्या तोंडाजवळ आणतो. लग्नात आपण घास भरवतो तसाच, पण तिथे तो मित्राला, पाहुण्याला, सहकाऱ्यालाही भरवतात. घास मोठा असतो. नाही म्हणू नका, तोंड उघडा. एका गुरशानं भांडण होतं असं मानतात, म्हणून दुसरा येतोच. शाकाहारी आहात हे मात्र बसतानाच सांगून ठेवा, घास तोंडाशी आल्यावर नव्हे. आणि खरंच पुरे झालं की 'तेगेब्कू' म्हणा. दोनदा तरी म्हणावं लागेल.

जेवताना कुणी आलं की ताटावरचे सगळे म्हणतात, "इन्निब्ला". आपलं "या जेवायला", तंतोतंत. तुम्ही एकटे जेवत असलात तरी शेजारी येणाऱ्याला हे म्हणा. लोक किती पटकन आपलेसे होतात ते दिसेल.

ताटाखालचा, सगळे रस मुरलेला इंजेरा शेवटी खातात. तो टाकून उठू नका, सगळ्यात चविष्ट भाग तोच.

जेवणानंतर कॉफीला थांबायचं असेल तर तासभर हाताशी ठेवा. बिया समोर भाजतात, कुटतात, आणि अबोल, तोना, बेरेका अशा तीन फेऱ्या होतात. कपात एखादी हिरवी काडी दिसली तर ती 'तेना अदाम', आपल्या परसातला सताप.

७. घरी करायचं असेल तर

आधी सामान. अदिसमध्ये असाल तर मेर्कातोतून बेरबेरे आणि शिरोचं पीठ आणा, टेफ गल्लीतल्या गिरणीवर ('वेफ्चो बेत') दळून मिळतं. इंजेरा भाजायचा 'मितद' मातीचा किंवा विजेचा, सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाचा. नवख्यानं सुरुवातीला तो घेऊच नये. इंजेरा विकत आणावा आणि फक्त कालवणं घरी करावीत. शहर सुमारे २,३५० मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी लवकर उकळतं पण डाळ उशिरा शिजते. कुकर भारतातून न्या.

महाराष्ट्रात टेफ सहज मिळत नाही. पण ज्वारी मिळते, आणि ज्वारीचा इंजेरा इथिओपियातही खातात. माझी रीत अशी :

तीन वाट्या ज्वारीचं पीठ, एक वाटी कणीक, साधारण पाच वाट्या पाणी. तिथे आधीच्या घाण्यातलं आंबट पिवळसर पाणी, 'एर्शो', विरजण म्हणून घालतात. पहिल्या खेपेला आपल्याकडे ते नसतं, म्हणून आंबोळीचं आंबलेलं पीठ दोन चमचे घालावं. झाकून ठेवा, उन्हाळ्यात दीड दिवस, थंडीत तीन. वर पाणी सुटतं ते अलगद ओतून काढा, थोडं पुढच्या वेळेसाठी बरणीत ठेवा.

आता जी पायरी सगळे गाळतात ती. खाली बसलेल्या पिठातलं वाटीभर काढून तीन वाट्या पाण्यात आंबिलीसारखं शिजवा, सतत ढवळत. याला 'अबसित' म्हणतात. कोमट झालं की परत पिठात मिसळा आणि तासभर थांबा. बुडबुडे आले की पीठ तयार. अबसित गाळलं तर जाळी पडत नाही आणि इंजेरा तुटतो. माझे पहिले चार घाणे यापायीच गेले.

बिडाचा किंवा नॉनस्टिक तवा चांगला तापवा. पीठ कडेकडून मध्याकडे गोल गोल ओता, डोळे पडले की झाकण ठेवा, दोन मिनिटांत कडा सुटतात. उलटायचं नाही. कापडावर काढून पूर्ण गार झाल्यावरच एकावर एक रचा. ज्वारीचा इंजेरा त्याच दिवशी खावा, दुसऱ्या दिवशी तो कडक होतो.

८. मिसिर वोत : फोडणी विसरा

तीन मोठे कांदे अगदी बारीक चिरा. कोरड्या पातेल्यात, तेलाशिवाय, मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं परता. लागायला लागले की पाण्याचा शिपका द्या. ते गळून लगदा झाले की पाव वाटी तेल, लसूण, आलं, आणि दोन मोठे चमचे बेरबेरे घालून आणखी दहा मिनिटं. मग वाटीभर धुतलेली मसूर डाळ आणि गरम पाणी. डाळ मोडेपर्यंत शिजवा, घट्टच ठेवा, कारण ते इंजेऱ्याच्या तुकड्यानं उचलायचं आहे.

बेरबेरे नसेल तर सुकी लाल मिरची, मेथ्या, ओवा, कलौंजी, धणे, मोठी वेलची आणि थोडी सुंठ भाजून कुटा. तिथली 'कोरारिमा' वेलची वेगळी असते, पण मोठी वेलची बऱ्यापैकी जवळ जाते. गरम मसाला घालू नका, चव लगेच आपल्या आमटीकडे वळते.

सोबत पिवळी किक अलिचा, एक पालेभाजी आणि पिठल्यासारखा शिरो केलात की चौघांचं ताट झालं. उरलेला इंजेरा सकाळी हातानं तोडून, मिसिर वोतात थोडं पाणी घालून, त्यात परतायचा. हाच तो ये-त्सोम फिरफिर. फोडणीच्या पोळीवर वाढलेल्या कुणालाही तो शिकवावा लागत नाही.